सगळ्या गावाचं पाणी

कऱ्हाडच्या पंताच्या कोटात नकट्या रावळ्याची विहीर आहे. रुंद दगडी पायऱ्या खाली खाली उतरत जातात, वाटेत कमान लागते आणि तळाशी पाणी. कोटातल्या लोकांना नदीपर्यंत उतरावं लागू नये म्हणून कोयनेचं पाणी या विहिरीत आणण्याची सोय होती, असं सांगतात. शाळेतून आम्हाला ती विहीर दाखवायला नेलं होतं. इतिहासाच्या बाईंना कमान दाखवायची होती, पण माझ्या डोक्यात पाणीच राहिलं. महाबळेश्वराहून निघालेल्या दोन नद्या, कृष्णा आणि कोयना, ज्या गावात समोरासमोर येऊन मिळतात, त्या गावानंही कधीकाळी पाण्यासाठी एवढा दगड फोडला होता.

आमच्या घरात नळ होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. मोरीत एकच पितळी तोटी. पेठेच्या कोपऱ्यावर नळकोंडाळं होतं, ज्यांच्या घरी नळ नाही ते तिथे घागरी लावायचे. आमच्या तोटीला आणि नळकोंडाळ्याला पाणी एकाच वेळी यायचं आणि एकाच वेळी जायचं. ते गढूळ आलं तर सगळ्यांकडे गढूळ यायचं. डॉक्टरांच्या वाड्यात, सराफाच्या माडीवर, कोपऱ्यावरच्या परटाच्या खोलीत, सगळीकडे तेच. या गोष्टीचं महत्त्व तेव्हा कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

आजीचं पाण्याचं सगळं काही ठरलेलं असायचं. नळ आला की पहिल्या दोन बादल्या प्यायच्या नाहीत, त्या अंगणाला आणि मोरीला. मग तोटीखाली पिंप, पिंपाच्या तोंडावर चौघडी केलेलं जुन्या लुगड्याचं फडकं. पिंप रोज घासायचं, तेही राख आणि चिंचेनं. पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात रात्रभर, उन्हाळ्यात माठात. माठात कुणी हात बुडवायचा नाही. त्याला लांब दांड्याचं ओगराळं. खेळून आलेला माझा धाकटा भाऊ एकदा घाईनं माठात तांब्या बुडवायला गेला, तर आजीनं अख्खा माठ मोरीत ओतला आणि धुऊन पालथा घातला. त्याला बोलली काहीच नाही. पाणी संपलेलं होतं, पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी. ती संध्याकाळ आम्ही शेजारून मागून आणलेल्या तांब्याभर पाण्यावर काढली.

पुढे मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा आजीची एकेक रीत पुस्तकात भेटत गेली. ज्या गावांत पाणी ठरावीक वेळ येतं, तिथे नळाचं पहिलं पाणी सगळ्यांत वाईट असतं. पाणी बंद असताना नळाच्या आत दाब राहत नाही, मग जमिनीतली ओल, गटाराचं पाणी, जे काही बाहेर असेल ते सांध्यांच्या फटींतून आत येतं आणि नळ सुटला की आधी तेच बाहेर पडतं. आजीला दाबाचं शास्त्र ठाऊक नव्हतं. पहिल्या बादलीचा वास ठाऊक होता. फडक्याचं तर याहून मोठं. बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या साडीची घडी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडाच्या घडीत अडकतात. जुनं, पुष्कळदा धुतलेलं सुती कापडच लागतं, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. आजीच्या लुगड्याचा तो तुकडा आता माझ्याकडे असता तर मी वर्गात नेऊन दाखवला असता.

पावसाळ्याचं पाणी वेगळं. मृगाचे पहिले दणके बसले की नदीला नवं पाणी यायचं, तांबडं, मातीच्या वासाचं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी वाढवत असतील, तरी चार-आठ दिवस नळालाही त्याची झाक असायची. मग घरोघरी तुरटीचा खडा निघायचा. घागरीत दोन-तीन वेळा फिरवायचा, जास्त नाही, नाहीतर पाणी तुरट होतं. मामाच्या गावी तुरटीऐवजी निवळीची बी घागरीच्या आतल्या अंगाला घासत. तासाभरात गाळ तळाशी आणि वर आरपार पाणी. रिक्षा फिरायची, भोंग्यावरून सांगत, पाणी उकळून व गाळून प्या. आणि लोक उकळत होते. चुलीवर एक भलं मोठं पातेलं त्या दिवसांत कायम असायचं. उकळलेलं पाणी बेचव लागतं म्हणून आई ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायची, त्यानं पाण्यात पुन्हा हवा मिसळते.

नळाच्या पाण्याला कधी कधी दवाखान्यासारखा वास यायचा. तो क्लोरीनचा. बायका कुरकुर करायच्या, की आज औषध जास्त पडलं. माझे वडील म्हणायचे, "वास आला म्हणजे पाणी राखलंय कुणीतरी." मला ते वाक्य तेव्हाही आवडायचं. गाळलेलं, निवळलेलं पाणी टाकीतून निघतं तेव्हा स्वच्छ असतं, पण घरापर्यंत त्याला मैल-दीड मैल अंधारातून यायचं असतं. त्या वाटेत काही मिसळलं तर ते मारायला थोडा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. शेवटच्या घराच्या तोटीला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी. तेवढा असेल तर पाणी वाटेत एकटं नाही.

आता तेव्हाचं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. पाण्यानं माणसं मरत होती. पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण, आणि मुलांच्या पोटातले जंत तर घरोघरी. आषाढीला पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे, आणि लस घेतल्याचा कागद दाखवावा लागे. नारूचं नाव आजच्या मुलांनी ऐकलेलंही नसेल. पायविहिरीत लोक गुडघाभर पाण्यात उतरत, ज्याच्या पायातून नारू डोकं काढतोय त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात पडत, त्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या पोटात जात, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभरानं हातभर लांबीचा किडा तयार होई. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढत. पायऱ्यांच्या विहिरींना कठडा घालून, पाणी गाळून आणि हातपंप बसवून ही व्याधी देशातून गेली. शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ज्या देखण्या दगडी पायऱ्यांचे आपण आता फोटो काढतो, त्याच पायऱ्यांनी नारू पसरवला, हे त्या विहिरीपाशी उभं राहून आठवायला हवं.

आणि सगळ्या गावाचं पाणी हे शब्द मी लिहिते तेव्हा महाडचं चवदार तळंही समोर येतं. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनं 1924 सालीच केला होता, तरी 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह जाऊन त्या तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यावं लागलं. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण म्हणून विधी झाले, आणि तळ्याच्या हक्काबद्दलचा न्यायालयातला निकाल 1937 साली लागला. त्याच्याही आधी, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला होता. माणसाच्या स्पर्शानं पाणी बाटतं असं मानणाऱ्यांच्या पाण्यात जंतू किती होते, याची चौकशी कुणी केली नव्हती. जमिनीखालून गेलेल्या लोखंडी नळानं मात्र पेठ विचारली नाही. नळकोंडाळ्यावरच्या रांगेत जुनी कुजबुज पुष्कळ दिवस टिकली, मी ती कानांनी ऐकली आहे. पण पाणी एकाच टाकीतून येत होतं, आणि त्याला इलाज नव्हता.

माझी मावशी एका लहान गावी होती, बाजारपेठेचं तालुक्याचं गाव. तिथे एका उन्हाळ्यात काविळीची साथ आली. पाणी दिवसाआड यायला लागलं होतं, तेही कमी दाबानं. मावशीच्या गल्लीतली नळाची लाइन बरीच लांब गटारातूनच गेलेली होती, घरोघरच्या जोडण्या त्याच गटारातून काढलेल्या. एका पाठोपाठ एक घरं आजारी पडत गेली. मावशीच्या शेजारची सून सातव्या महिन्यात होती. ती गेली. पाण्यातून येणारी ही कावीळ इतरांना सहसा महिन्याभरात सोडते, गरोदर बाईला मात्र फार मोठा धोका असतो, हे मला तेव्हा कळलं. बारशासाठी शिवलेली झबली मावशीनं त्या घरातून उचलून आणली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली, त्या माउलीच्या सासूला ती दिसू नयेत म्हणून.

हेच दिल्लीत 1955 च्या डिसेंबरात घडलं होतं. यमुनेचा प्रवाह फिरला आणि वझिराबादला पाणी उचलतात तिथे सांडपाणी येऊन मिळालं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन आणि तुरटी वाढवली, त्यानं पटकी आणि विषमज्वर आवरले, पण कावीळ पुढे गेली आणि जवळजवळ 29 हजार लोकांना झाली. आमच्या बाजूला इचलकरंजीत 2012 च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, हजारो आजारी आणि कित्येक मृत्यू. तेवढ्या वर्षांत शास्त्र कितीतरी पुढे गेलं होतं. गटार आणि नळ मात्र एकाच चरात राहिले होते.

आता आजचं.

परवा भाचीच्या मुलाच्या मुंजीला गेले होते. पंगतीत पाणी वाढणारी मुलं नव्हती. प्रत्येक पानाशेजारी एक छोटी बाटली, प्लॅस्टिकची, अर्धी पिऊन टाकलेली. मांडवाच्या मागे बाटल्यांचा ढीग. पूर्वी पंगतीत जग घेऊन धावणं हे आम्हा मुलांचं काम होतं, आणि "पाणी, पाणी" असा पुकारा सगळ्या मांडवभर असायचा. चैत्रात बाजारपेठेत व्यापारी पाणपोई घालायचे, ओल्या तांबड्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वाळ्याची जुडी आत सोडलेली, आणि ओगराळ्यानं ओंजळीत पाणी घालणारा एखादा म्हातारा. एसटी स्टँडवर तोट्यांची रांग असायची आणि गाडी सुटेपर्यंतच्या पाच मिनिटांत लोक तिथे बाटली नाही, ओंजळ भरायचे. कुठल्याही दारात "जरा पाणी देता का?" म्हणून थांबता यायचं, आणि आतून गुळाचा खडा आल्याशिवाय पाणी यायचं नाही.

आता दारात थांबलं की घरची बाई आधी खुलासा करते, की घ्या, आमच्याकडे फिल्टरचं आहे. पाहुण्याला घाबरवायला नको म्हणून ती हे सांगते, तिचं प्रेमच असतं त्यात. पण ऐकताना मला वाईट वाटतं, कारण याचा अर्थ असा की नळाचं पाणी पाहुण्याला द्यायची आता तिची छाती होत नाही.

लहान गावांतून गेल्या वीसेक वर्षांत घराघराचं पाणी वेगळं झालं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या ओट्यावर आरओ. त्याच्याखालच्याकडे 20 लिटरचा जार. त्याहून खाली पाच रुपयांचं नाणं टाकून भरायचं वॉटर एटीएम. आणि ज्याच्याकडे यातलं काही नाही तो नळाचं पितो. नळकोंडाळी बहुतेक ठिकाणी काढून टाकली, ते बरंही झालं, बायकांच्या कमरेवरच्या घागरी उतरल्या. पण त्याच काळात डॉक्टरांचा वाडा, सराफाची माडी आणि परटाची खोली यांचं पाणी एक राहिलं नाही. ज्यांच्या एका फोननं काम हलतं, ते नळाचं पाणी पीतच नाहीत. मग नळाला पिवळं पाणी आलं तर पहिला फोन कोण करणार? माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते हे. पाण्याची राखण गावातली बोलू शकणारी माणसं करत होती, ती माणसं नळापासून उठून गेली.

आणि ती भीतीनं गेली. त्या भीतीचा धंदा झाला. माझ्या शेजारणीकडे आरओ यंत्रांचा एक विक्रेता आला होता. चांगला बोलका मुलगा. त्यानं दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत एक उपकरण सोडलं, ज्याला लोखंडी कांड्या होत्या, आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा पेला काळपट तपकिरी झाला, वर फेस आला. यंत्राचं पाणी तसंच राहिलं. शेजारीण तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाई गं, हे आपण पितो?" मी तिच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं आणि यंत्राच्या स्वच्छ पाण्यात टाकलं. मग त्याला म्हटलं, "आता दाब बटण." तोही पेला तसाच तपकिरी झाला. त्या पाण्यात घाण नव्हतीच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. रंग कांडीचा होता. यंत्राच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले, म्हणून वीज वाहिली नाही. शाळेत इयत्ता आठवीला हा प्रयोग होता. तो मुलगा गोरामोरा झाला. त्याला पोट होतं, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं. पण तोच प्रयोग महाराष्ट्रातल्या किती ओट्यांवर झाला असेल.

विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर आता कुणाच्याही खिशात असतं. आकडा दाखवतं म्हणून ते खरं वाटतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार चांगले मानलेले आहेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलेले. सह्याद्रीच्या दगडावरून येणाऱ्या कोयनेच्या पाण्याचा आकडा त्या 500 च्या जवळपासही जात नाही. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे पेलाभर पाण्यासाठी दोन-तीन पेले मोरीत सोडणं. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये असं सांगितलंही होतं, की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओची गरज नाही. जिथे गरज आहे तिथे ती आहेच. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरकडे विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडं वाकतात. ऊसपट्ट्यातल्या विहिरींत खतांचं नायट्रेट उतरतं. तिथे माणसानं काय करावं? पण जंतू मात्र टीडीएस मीटरवर दिसत नाहीत. काविळीच्या पाण्याचा आकडा उत्तम येऊ शकतो.

जारचं तर याहून अवघड. सीलबंद बाटलीच्या पाण्याला 2001 पासून 2024 पर्यंत मानक चिन्हाचं बंधन होतं. पण गल्लीत टेम्पोतून येणारा थंड पाण्याचा जार सीलबंद नसतो, म्हणून तो पुष्कळ ठिकाणी अशा नियमांच्या बाहेरच फिरत आला आहे. आरओ केलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो. म्हणजे पुढे त्याची राखण करणारं काही नाही. जार आतून कधी घासला, कशानं घासला, त्यात कुणी हात घातला, हे घेणाऱ्याला कळत नाही. आजीनं हात लागलेला अख्खा माठ ओतून दिला होता. आता लग्नाच्या मांडवात जारचं झाकण उघडून लोक पेलाच आत बुडवतात.

खेड्यांत मात्र एक चांगली पद्धत रुजली आहे, तिचं कौतुक मनापासून करायला हवं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर घालतो, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरोस्कोपमध्ये पाणी घेऊन ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकतो आणि क्लोरीन शिल्लक असल्याची खूण म्हणून पिवळा रंग येतो का पाहतो. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं तर चंदेरी. अंगणवाडीच्या दारात उभं राहून पिवळा रंग बघणारी माणसं मी पाहिली आहेत. 2019 पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांनाच तपासणीची पेटी वापरायला शिकवलं गेलं. शहरी माणसाला आपल्या नळाबद्दल जेवढं ठाऊक नसतं, तेवढं या बायकांना ठाऊक असतं.

आणि मग मलकापूर. कऱ्हाडच्या अगदी शेजारी, कोयनेपलीकडे. आमच्या लहानपणी ते खेडं होतं, आम्ही आगाशिवच्या लेण्यांना चालत जायचो तेव्हा वाटेत लागायचं. तिथे 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं जुने नळ काढून नवे, वेल्डिंगनं जोडलेले प्लॅस्टिकचे नळ घातले, जिथून गळायला सांधाच राहत नाही. प्रत्येक घराला मीटर, जास्त वापराला चढता दर. पुण्या-मुंबईला जे जमलं नाही ते एका लहान गावानं केलं. चोवीस तास पाण्याकडे लोक सोय म्हणून बघतात, मला ती आरोग्याची गोष्ट वाटते. नळात सतत दाब असला की फट पडली तरी पाणी बाहेर जाईल, बाहेरचं आत येणार नाही. घरोघर मोटर लावून नळाचं पाणी ओढण्याचं कारण उरत नाही. साठवणीचं पिंप नको, सिमेंटची टाकी नको, त्यात डेंग्यूचा डास नको. आपल्याकडे कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देतात, तेही थांबतं, कारण पाणी कालचं नसतंच. माझी एक मैत्रीण तिथे राहते. सुरुवातीला ती सवयीनं पिंप भरून ठेवायची. आता पिंपात तांदूळ आहेत.

पण नळ कितीही चांगले घातले तरी नदी राखावी लागेलच. सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचे खच वाहून आल्याच्या बातम्या आता अधूनमधून येतात. वरच्या गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी ज्या पाण्यात उतरते, तेच खालचं गाव तुरटी घालून पितं. प्रत्येक गाव कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली असतं.

माझा भाचा नोकरीमुळे एका दूरच्या तालुक्याच्या गावी असतो. त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा ओट्यावर जार होता आणि नळाचं पाणी फक्त धुण्याभांड्याला. मी जाताना ओटीची बाटली आणि जंतू तपासायच्या छोट्या बाटल्या घेऊन गेले होते, ज्यांत पाणी भरून दोन दिवस ठेवलं की दूषित पाणी काळं पडतं. नळाचं पाणी ओटीला पिवळं आलं. बाटलीतही ते जसंच्या तसं राहिलं. तीन दिवस उघडलेल्या जारच्या पाण्याची बाटली काळी पडली. भाचेसून बराच वेळ ती बाटली उजेडाला धरून बघत होती. मग म्हणाली, "आत्या, हे मला शिकवून जा."

आता ती दर सोमवारी सकाळी तपासते आणि पिवळ्या रंगाचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. त्या गल्लीतल्या सहा-सात घरांनी जार बंद केले. आषाढात एका सोमवारी रंग आला नाही. तिनं बिनरंगी पाण्याचा फोटो टाकला, आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्या सकाळी एका गल्लीतून नऊ फोन गेले. त्यांत एक निवृत्त मामलेदारांचा होता, एक कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा. दुपारी माणूस येऊन तोटीचा नमुना घेऊन गेला, आणि संध्याकाळपर्यंत शाळेमागच्या व्हॉल्व्हपाशी चर खणायला सुरुवात झाली होती.